‘नीट खाल्लं नाही, म्हणून झालं का?’

(संघटनेच्या आरोग्य-कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘आहार, विषाणू आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर’ या विषयावर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. भाषणानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांतला काही भाग शेवटी घेतला आहे.)



जेवणानंतरच्या सत्रात कॅन्सरवर बोलायचं म्हणजे तुमची आणि माझी दोघींचीही परीक्षाच आहे. ज्यांना पेंग येईल त्यांनी खुशाल भिंतीला टेकून बसा, मी वाईट वाटून घेणार नाही. शिबिराच्या पत्रिकेत माझ्या सत्राचं नाव ‘कॅन्सर टाळणारा आहार’ असं छापलं होतं. ते मी बदलायला लावलं. का, ते आधी सांगते, कारण माझं सगळं बोलणं त्यातूनच आलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका कॅन्सर रुग्णालयात समाजसेविका होते. एमएसडब्ल्यू करून नुकतीच लागले होते, उत्साह दांडगा होता. किरणोपचार विभागाबाहेर बायका तासन् तास बाकावर बसून असायच्या. त्यांच्यासमोरची भिंत कोरी दिसली, म्हणून मी तिथं एक तक्ता करून लावला. गाजर, पालक, पपई, लिंबू, मोड आलेली मटकी, सगळी चित्रं स्वतः रंगवली आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘योग्य आहार घ्या, कॅन्सर टाळा’. डॉक्टरांनी कौतुक केलं. चार-पाच दिवसांनी एका मावशींनी मला हाक मारली. त्यांना आपण सुलाबाई म्हणू, हे त्यांचं खरं नाव नाही. वय पन्नाशीचं, पण दिसायच्या पासष्टीच्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, तिसऱ्या टप्प्यातला. त्यांना वाचता येत नव्हतं. शेजारच्या पेशंटच्या मुलीनं तक्ता वाचून दाखवला होता. त्या म्हणाल्या, “बाई, म्या नीट खाल्लं न्हाई म्हणून झालं का ह्ये?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. “तसं नाही हो मावशी,” असं काहीतरी बोलले आणि संध्याकाळी तक्ता काढून ठेवला. पण प्रश्न काही भिंतीवरून उतरला नाही. त्या बाईनं आयुष्यभर सगळ्यांना वाढून उरलेली भाकरी आणि कोरड्यासाचं पाणी खाल्लं होतं. तिला आम्ही चित्रातून सांगत होतो की पपई खाल्ली असतीस तर वाचली असतीस. हे खरं आहे का? आणि अर्धवट खरं असेल, तर ते कसं सांगायचं? हे शोधायला मला बरीच वर्षं लागली.

आधी विषाणूचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणींना हे माहीत आहे, म्हणून थोडक्यात. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एका विषाणूच्या दीर्घ लागणीतून होतो. त्याचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेनं १९८३ साली या कॅन्सरच्या गाठीत एचपीव्हीचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधला, पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. त्याआधी लोकांचा संशय भलत्याच विषाणूवर होता. झुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. या दोन प्रकारांमुळेच जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर होतात. आपल्या देशात २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सव्वा लाखाहून अधिक नव्या बायकांना हा आजार झाला आणि जवळजवळ ८० हजार जणी त्यानं गेल्या.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण आहाराचा मुद्दा इथंच येतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि तो इतका सर्रास आहे की लैंगिक आयुष्य जगणाऱ्या बहुतेक बायका-पुरुषांना कधी ना कधी त्याची लागण होतेच. पण त्यातल्या बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. बाईला पत्ताही लागत नाही. थोड्या जणींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडून बसतो. तिथल्या पेशी हळूहळू बदलतात आणि साधारण १५ ते २० वर्षांनी कॅन्सर होतो. एचआयव्हीसारख्या आजारानं प्रतिकारशक्ती खचलेली असेल तर याहून लवकर. एचआयव्ही असलेल्या बाईला हा कॅन्सर होण्याचा धोका इतरांच्या सहापट असतो.

म्हणजे खरा प्रश्न असा: दहा जणींच्या घरात पाहुणा आला, नऊ जणींकडून तो निघून गेला, दहावीकडे का राहिला? इथं शास्त्रज्ञांच्या मनात आहाराचा विचार आला.

त्यात सगळ्यात जास्त अभ्यास झाला तो फोलेटचा. फोलेट म्हणजे पालेभाज्या, हरभरा, मूग, चवळी, शेंगदाणे यांत असलेलं एक ब-जीवनसत्त्व. गोळीच्या रूपात ते येतं त्याला आपण फॉलिक ॲसिड म्हणतो, गरोदरपणी देतात तेच. पेशी दुप्पट होताना तिच्यातल्या डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि त्यासाठी फोलेट लागतं. आपल्यात सोलापूरच्या मैत्रिणी आहेत, त्यांना मागाच्या भाषेत सांगते. फोलेट कमी पडलं की धागा कच्चा निघतो, जागोजाग तुटतो. असा तुटलेला धागा असला की विषाणूला त्यात आपला धागा गाठ मारून घुसवायला सोपं जातं, असा तर्क आहे. शिवाय विषाणूच्या खोडकर जनुकांना गप्प बसवण्याची शरीराची एक रीत आहे, तिलाही फोलेट लागतं. तर्क म्हणून हे अगदी पटण्यासारखं आहे. पण तर्क पटला म्हणजे गोष्ट खरी ठरली असं नाही.

अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात बटरवर्थ नावाचे संशोधक होते. त्यांनी १९८२ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या आणि गर्भाशयमुखाच्या पेशींत सौम्य-मध्यम बदल दिसलेल्या ४७ तरुण बायका घेतल्या. काहींना तीन महिने रोज १० मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, काहींना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. फॉलिक ॲसिडवाल्या बायकांच्या पेशी सुधारल्या. खूप गाजावाजा झाला. पुढं १९९२ मध्ये त्याच गटानं आणखी एक निष्कर्ष मांडला: एचपीव्ही १६ ची लागण आहे आणि रक्तपेशींत फोलेटही कमी आहे, अशा बायकांमध्ये पेशी बिघडण्याची शक्यता सुमारे पाचपट. लागण आहे पण फोलेट पुरेसं आहे, अशा बायकांमध्ये जवळजवळ काहीच वाढ नाही. म्हणजे गोळी दिली की काम झालं, असं वाटलं ना?

त्याच वर्षी त्यांनी दुसरा, मोठा प्रयोगही प्रसिद्ध केला. २३५ बायका, सहा महिने, तीच १० मिलिग्रॅमची गोळी. या वेळी गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांत काही फरकच नाही. बदल एकदा सुरू झाल्यावर गोळ्यांनी तो मागं फिरला नाही. मला या माणसांचं कौतुक वाटतं ते यासाठी, की आपलंच आधीचं म्हणणं खोटं पाडणारा निकाल त्यांनी दाबून ठेवला नाही.

आपल्याकडचाही एक अभ्यास आहे. हैदराबादजवळच्या मेडचल भागातल्या खेड्यांमधल्या बायकांचा, २०१० साली प्रसिद्ध झालेला. ज्यांच्या रक्तात फोलेट आणि बी-१२ दोन्ही चांगल्या प्रमाणात होती, त्यांच्यात धोकादायक एचपीव्हीची लागण कमी सापडली. हा मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्या बायका आपल्यासारख्याच आहेत. पण इथंही जपून. एका दिवशी रक्त घेतलं आणि त्याच दिवशी विषाणू तपासला, यावरून कशामुळे काय झालं हे सांगता येत नाही. ज्या बाईच्या ताटात डाळ, दूध, भाजी आहे तिचं लग्न कदाचित उशिरा झालं असेल, बाळंतपणं कमी झाली असतील, दवाखाना जवळ असेल. लहान वयातलं पहिलं बाळंतपण, खूप बाळंतपणं, धूम्रपान या गोष्टींनी हा धोका वाढतो हे पक्कं ठाऊक आहे. आणि गरिबी या सगळ्यांना एकाच गाठोड्यात बांधते. त्यातून फोलेट तेवढं वेगळं काढायचं म्हणजे कालवणातून मीठ काढण्यासारखं.

अ-जीवनसत्त्वाचंही असंच. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या देऊन पाहिल्या, गर्भाशयमुखाच्या बिघडलेल्या पेशींवर फायदा दिसला नाही. उलट फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर बीटा-कॅरोटीनचा प्रयोग झाला, त्याचा निकाल १९९४ साली आला. गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त! तेव्हा ‘कॅन्सरविरोधी’ म्हणून डबे विकायला कोणी बचतगटात आलं तर त्याला हे सांगा. हजार-बाराशेचा डबा असतो आणि घेणारी बाई तेच पैसे अंड्यातून वाचवते.

मग विषाणू आणि अन्न यांचा संबंध कुठेच सिद्ध नाही का? आहे, आणि तो फार ठळक आहे, पण दुसऱ्या कॅन्सरमध्ये. हिपॅटायटिस-बीच्या विषाणूनं यकृताचा कॅन्सर होतो. भुईमूग, मका यांना दमट हवेत जी बुरशी लागते तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं, त्यानंही होतो. आणि दोन्ही एकत्र आले तर धोका नुसता बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतो. शांघायमधल्या पुरुषांच्या अभ्यासात हे स्वच्छ दिसलं. आपल्या देशातही १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं यकृताच्या विषबाधेनं मेली होती. तो कॅन्सर नव्हे, पण विष तेच. पावसात भिजलेला मका घरात दुसरं काही नाही म्हणूनच खाल्ला गेला. तेव्हा शेंगा फोडताना काळा, सुरकुतलेला, कडवट दाणा टाकून द्या. तो निवडून चटणीला वापरायची आपल्याकडे सवय आहे, ती मोडा. पोरांना हिपॅटायटिस-बीची लस सरकारी लसीकरणात असते, ती चुकवू नका. एवढं सांगून यकृत इथं सोडते.

पुन्हा सुलाबाईंकडे. त्यांच्या फाईलमध्ये मी एक दिवस मागची कागदपत्रं लावत होते. पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झाल्यावर त्यांना अंगावर रक्त जायला लागलं. तालुक्याच्या एका डॉक्टरनं डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, म्हणाला, “रक्त फार कमी आहे, बीट खा, खजूर खा,” आणि टॉनिकची बाटली दिली. आतून तपासलं नाही. तीन महिन्यांनी दुसऱ्याकडे गेल्या. त्यानं लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी खा म्हणाला. तपासलं नाही. शेजारणीनं हळिवाचे लाडू सांगितले. असं करत चौदा महिने गेले. पहिल्यांदा रक्त गेलं तेव्हाच कोणी टेबलावर झोपवून पाहिलं असतं, तर कदाचित पहिल्या टप्प्यात सापडलं असतं.

आहाराचा सल्ला इतका निरुपद्रवी दिसतो की त्यानं गेलेला वेळ कोणाच्या लक्षातच येत नाही. रक्त कमी आहे हे खरंच होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका रक्तपांढरीच्या निघाल्या. म्हणजे कोणतीही बाई कोणतीही तक्रार घेऊन गेली तरी ‘रक्त कमी आहे’ हे निदान निम्म्या वेळा बरोबरच ठरणार. पण तिचं रक्त कमी का झालं हे कोणी विचारायचं? ते तर गळून जात होतं.

याची दुसरी बाजू तुम्हाला बीडची आठवण करून दिल्याशिवाय पुरी होत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणींनी सांगितलं की अंगावरून पांढरं जातंय, कंबर दुखतेय म्हणून गेलो, डॉक्टर म्हणाला पुढं कॅन्सर होईल, काढून टाका. तिथंही बहुधा साधी तपासणी झालेली नव्हती. एकीला खरा कॅन्सर असताना बीट खायला सांगितलं, दुसरीला काही नसताना पिशवी काढली. दोघींमध्ये सारखं काय, तर आत डोकावून कोणी पाहिलं नाही. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या किती? १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा पुऱ्या नाहीत.

आणि तपासणीनं काय होतं हे जगाला आपल्याच भागानं दाखवून दिलं आहे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी आहे, देशातली पहिली. तिथं नुसतं गावोगाव जाऊन ‘असं असं होत असेल तर या’ एवढं सांगितल्यानं बायका लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या, हे नोंदींतून सिद्ध झालं. मग १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा प्रयोग झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गटांत एचपीव्हीची चाचणी, काहींत पॅप, काहींत व्हिनेगर लावून पाहणं आणि काहींत काहीच नाही, नेहमीची व्यवस्था. निकाल २००९ मध्ये आला. एचपीव्ही चाचणी आयुष्यात फक्त एकदा झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, काहीच न झालेल्या गटात ६४. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयानं आरोग्यसेविकांकडून व्हिनेगरची तपासणी करवली, तिथंही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

या प्रयोगांवर टीका झाली, आणि मी त्या टीकेच्या बाजूची आहे. पॅप तपासणीनं जीव वाचतात हे श्रीमंत देशांत आधीच ठाऊक असताना धाराशिवच्या ३१ हजारांवर बायकांना ‘काहीच नाही’च्या गटात वर्षानुवर्षं ठेवलं. त्यांना पुरेसं समजावून संमती घेतली होती का, हा प्रश्न अनेकांनी उचलला. त्या ६४ जणी आपल्याच शेजारच्या गावच्या. पण मला त्याहून राग याचा येतो की एवढी किंमत देऊन मिळालेलं उत्तर आपण वापरतही नाही. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी व्हायला हवी. कागदावर आहे.

लसीबद्दल दोनच वाक्यं बोलणार होते, पण मघाशी चहाला दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून थोडं जास्त. आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या मनात या लसीविषयी अढी आहे आणि ती उगीच नाही. २००९ मध्ये खम्मम आणि बडोदा इथं प्रात्यक्षिक प्रकल्पाच्या नावाखाली आदिवासी वसतिगृहांतल्या मुलींना ही लस दिली. पालकांच्या जागी वॉर्डननं सह्या केल्या. काही मुली दगावल्या, स्त्री-संघटनांनी आवाज उठवला, २०१० मध्ये प्रकल्प थांबला, २०१३ मध्ये संसदीय समितीनं कडक ताशेरे ओढले. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, पण संमतीचा जो खेळ झाला तो अक्षम्यच होता. आपण तेव्हा विरोध केला तो बरोबर केला. आज मात्र या लसीचा जगभरातल्या कोट्यवधी मुलींचा अनुभव समोर आहे आणि पुण्यात तयार झालेली लसही २०२३ पासून आहे. विरोध संमतीशिवाय टोचण्याला होता, तो लसीला करू नये असं माझं मत आहे. तुमचं वेगळं असेल तर भांडूया.

मग आहाराविषयी गावात सांगायचं की नाही? सांगायचं. पण ‘कॅन्सर टळेल’ असं सांगायचं नाही. बाईनं पोटभर आणि चांगलं खावं ते तिचा तो हक्क आहे म्हणून, तिला राबायला ताकद लागते म्हणून, तिचं शरीर तिचं आहे म्हणून. विषाणू लवकर निघून जायला त्याची मदत होत असेल, तसे संकेत आहेत, तर तो वरचा फायदा. भाजी शिजवून पाणी ओतून देऊ नका, फोलेट पाण्यात जातं आणि फार शिजवल्यानं मरतं. तांदुळजा, घोळ, पाथरी, शेवग्याचा पाला बांधावर फुकट मिळतो. बी-१२ मात्र पाल्यात नसतं, ते दूध-दही, अंडी, मासे, मटणात. म्हणजे नेमकं तेच, जे वाढताना आधी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जातं. आणि रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ मिळत नाही, ही मागणी आपल्या मोर्चात हवी. माझ्या तक्त्यात ती नव्हती.

एका ठिकाणी मात्र आहारावर मी ठासून बोलते, ते उपचार चालू असताना. किरणोपचार घेताना रक्त कमी असेल तर उपचाराचा परिणाम कमी दिसतो. पोटावर किरण घेतल्यावर जुलाब होतात, तोंडाला चव नसते, बाई खाणं सोडते. त्यात नातेवाईक म्हणतात अंडं गरम, दही थंड, हरभरा वातूळ. उरतं काय? मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेलं अंडं, थोडं थोडं करून दिवसातून सहा वेळा. पण ते करून घालणार कोण? पाच-सहा आठवडे घरापासून लांब, रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत. नवरा आजारी असला की बायको सोबत असतेच. बायको आजारी असली की चार दिवसांनी नवरा सुगीला जातो आणि ती एकटी वडापाव खाऊन राहते. सुलाबाईंजवळ त्यांची धाकटी सून राहिली, तान्ह्या पोराला घेऊन. धर्मशाळेच्या ओट्यावर ती खिचडी शिजवायची. शेजारच्या दोन बायकांनाही द्यायची. माझ्या सगळ्या तक्त्यापेक्षा ते पातेलं कामाचं होतं.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न: ताई, हा विषाणू संबंधातून येतो असं गावात सांगितलं तर बाईच्याच चारित्र्यावर बोट ठेवतील. मग सांगायचं कसं?

उत्तर: ठेवतात. एका सासूनं सुनेचा रिपोर्ट बघून तिला माहेरी धाडलेलं मी पाहिलंय. म्हणून आधी हे सांगायचं की सर्दीसारखा सर्रास विषाणू आहे. एकाच नवऱ्याबरोबर राहिलेल्या बाईलाही होतो. तो शरीरात वर्षानुवर्षं गप्प असू शकतो, त्यामुळे कोणाकडून आणि कधी आला हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. आणि पुरुषांच्या बैठकीतही सांगा. तिथं मी जाते तेव्हा पहिली पाच मिनिटं सगळे जमिनीकडे बघतात, मग एखादा विचारतो, “म्हणजे आमच्यामुळं?” मी म्हणते, “तुमच्यामुळंसुद्धा.”

प्रश्न: आशाताई लोहाच्या गोळ्या देतात. त्यात फॉलिक ॲसिड असतंच. मग त्या घेतल्या तर या कॅन्सरसाठी वेगळं काही नको?

उत्तर: त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रक्तपांढरीसाठी जरूर घ्या, मळमळ झाली तर रात्री जेवणानंतर घ्या. पण ती गोळी म्हणजे तपासणीला सुट्टी, असं समजू नका. आणि हातापायांना मुंग्या येत असतील, तोल जात असेल तर बी-१२ पाहायला सांगा. नुसत्या फॉलिक ॲसिडनं रक्त सुधारतं आणि बी-१२ ची कमतरता लपून राहते, नसा आतून खराब होत जातात.

प्रश्न: तुम्ही म्हणता तपासणी करा. आमच्या उपकेंद्रात ना टेबल ना पडदा. सिस्टर म्हणतात वरून सामान आलं नाही. बाईला घेऊन जायचं कुठं?

उत्तर: हा खरा प्रश्न. या तपासणीला लागतं काय? एक टेबल, पडदा, उजेड, स्पेक्युलम, कापूस, पातळ ॲसिटिक ॲसिड आणि शिकलेली सिस्टर. पांढरा डाग दिसला तर पुढं पाठवायला जागा, आणि तिथं जायला गाडी. यातलं काय कुठं नाही याची यादीच कोणाकडे नाही, म्हणून ‘वरून आलं नाही’ एवढ्यावर भागतं. आज इथं अकरा गावांच्या बायका आहेत. चहा येईपर्यंत अर्धा तास आहे. प्रत्येकीनं आपल्या उपकेंद्राचं नाव सांगा आणि यातलं काय आहे, काय नाही ते सांगा. लिहून कोण घेतंय?